मुरमावरचा ठिपका

माय,

तुला लिहायचं, लिहायचं म्हणून नऊ वर्षं गेली. रोज मनात होतं असं म्हणलं तर ते खोटं होईल. मधेच कधीतरी यायचं. शहागडच्या पुलावर ट्रकांच्या लाइनीत अडकलो की यायचं, नाहीतर अनोळखी गावात सकाळी कुणाच्या तरी घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला की यायचं. मंग समोर दुसरंच काहीतरी यायचं आणि ते राहून जायचं. आजही मी तुला लिहायला बसलो नव्हतो. अक्कानं सकाळी शंभर पानी वही हातात दिली, वर पेन दिला आणि म्हणाली, "तुझं अक्षर माझ्याहून बरंय. लिही." लिहायची होती तक्रार. आपल्या गावच्या कृषी सहायक मॅडमच्या विरोधात, तालुक्याच्या साहेबांना. पहिल्या पानावर मी 'महोदय' लिहिलं, खाली एक रेघ मारली आणि तासभर त्या रेघेकडं बघत बसलो. एक मुंगळा पानावरून चालत गेला, तो पार कडेला जाऊन परत फिरला. तो जाईपर्यंत बघितलं. मंग पान उलटलं आणि इथं 'माय' लिहिलं.

आपल्याच रानात बसलोय. वरच्या अंगाला, विहिरीच्या पलीकडं, जो मुरमाड पट्टा आहे ना, जिथं तू एका साली मटकी टाकली होतीस आणि मटकीपेक्षा खडेच जास्त निघाले म्हणून एकटीच हसत बसली होतीस, तिथं. पोकलेन मशीन उभी आहे, तिच्या सावलीत बसलोय. मशीन मी चालवतो. म्हणजे मशीन शेठची, मी ऑपरेटर. तीन वर्षं झाली. उन्हाळाभर गावोगाव शेततळी खोदत हिंडतो. आता ह्या कामाचं सगळं फोनवर चालतं, माय. अर्ज फोनवर, सोडत फोनवर, निवड झाली तर मेसेज फोनवर. नंबर लागला तर खोदाईला सरकार अनुदान देतं. अक्कानं दोनदा अर्ज केला तेव्हा नंबर लागला. पण मंजुरी आल्यापासून आठ दिवसांत काम चालू झालं पाहिजे, नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. आठातले सहा गेले. मी शेठच्या मागं लागून दोन दिवसांसाठी मशीन इकडं आणली, आणि ती सकाळपासून बंद उभी आहे. कारण मंजुरीच्या कागदासोबत एक नकाशा आलाय, त्या नकाशावर एक लाल ठिपका आहे, आणि तो ठिपका ह्या मुरमावर आहे. आपल्या रानातलं पाणी कुठं येतं ते तुला सांगायला नको. ते येतं खाली, बोरीच्या कोपऱ्यात. इथं खोदलं तर खड्डा होईल. पाणी काही उलटं चढून वर येणार नाही.

ठिपका इथं कसा पडला ते सांगणार आहे. पण आधी मी कुठं कुठं होतो ते तरी सांगू दे, तुला काहीच ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होतो. लाल झालेली सळई चिमट्यानं ओढायचं काम. अंगावर गोणपाट, तोंडाला ओला रुमाल. तुला जालन्याच्या दवाखान्यात आणलं ते मला दुपारी कळलं होतं. सुपरवायझर म्हणाला, "शिफ्ट सोडून जाशील तर परत येऊ नको," आणि मी शिफ्ट पुरी केली. कावीळ आहे, कावीळ बरी होते, असं मनात धरलं. दवाखाना तिथून सायकलनं वीस मिनिटांवर होता. मी पोचलो तेव्हा अक्का बाकावर बसली होती, मांडीवर तुझ्या चपला होत्या. ती म्हणाली, "आलास का." एवढंच. नंतर तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळा गाव आला. विहारात बसायला जागा नव्हती, बायका बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या, आणि प्रत्येकजण माझ्याकडं बघत होता की हा रडतोय का. मी पाणी वाटत होतो. प्लास्टिकचा जग घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला काही वाटत नव्हतं. वाटायला पाहिजे एवढं कळत होतं. मंग मिल सोडली. एक वर्ष बियाण्याच्या कारखान्यात पिशव्या शिवल्या, तिथल्या औषधाच्या गुलाबी भुकटीनं नखं सहा महिने गुलाबी राहिली. मंग शहागडला हायवेवर पंक्चरचं दुकान, तिथून ट्रकवर क्लीनर, पार गुजरातेपर्यंत. कुठं टिकलो नाही. अक्का म्हणते ह्याच्या बुडाला चाकं आहेत. पोकलेनला चाकं नसतात, साखळ्या असतात, ती हळू चालते, कदाचित म्हणून ह्या कामावर टिकलो.

तुझी नळी आठवते. गावात पाणलोटाचं काम आलं आणि कमिटीत बाईमाणूस पाहिजे म्हणून तुला घेतलं, नावाला. सगळ्यांना वाटलं ही सह्या करील आणि घरी जाईल. पण इंजिनिअर सायेबानं ती लांब पारदर्शक नळी आणली, दोन काठ्यांना दोन टोकं बांधलेली, आत पाणी, आणि दोन्हीकडचं पाणी सारख्या खुणेवर आलं की दोन्ही जागा सारख्या उंचीवर, हे समजावून सांगितलं, तेव्हा पुरुषमंडळी बिड्या ओढत होती आणि तू एकटी पुढं सरकून बघत होतीस. महिन्याभरात गावात तुझं नाव नळीवाली पडलं. नळीत बुडबुडा अडकला की तू ती बोटांनी टिचक्या मारत मारत सबंध झटकायचीस, लेकराच्या पाठीवर थोपटावं तशी. "बुडबुडा ठिवला तर डोंगर बी सपाट दिसतो," म्हणायचीस. आणि एका संध्याकाळी आपल्या घरी कोण कोण बाया आल्त्या, त्यांना बांध आडवा का घालायचा ते कळेना. तू चुलीपुढं बसली होतीस. परातीत ज्वारीच्या पिठाचा ढीग केलास, बोटानं त्याच्यावर उभी रेघ मारलीस आणि तांब्यातून धार सोडली. सगळं पीठ वाहून कडेला आलं. मंग दुसरा ढीग केलास, आडव्या रेघा मारल्या, धार सोडली, आणि पाणी रेघांमध्ये बसून राहिलं. अक्का ओरडली, "माय, उद्याचं पीठ हाय ते!" तू शांतपणे ते सगळं चिखलासारखं कालवलंस, मळलंस आणि तव्यावर टाकलंस. "खा आज बांधाची भाकर." ती भाकर मधे कच्ची होती. तरी सगळ्यांनी खाल्ली. एक म्हातारी म्हणाली, "नळीवाले, तुज्या भाकरीला उतार हाय गं," आणि तू हसून हसून ठसका लागेपर्यंत हसलीस.

त्याच उन्हाळ्यात आपल्या रानातली रेघ मारायची होती. मजूर सगळे दुसऱ्या शिवारात, म्हणून एक काठी तुझ्याकडं आणि एक माझ्या हातात. माझं काम एकच होतं, काठी रोवलेल्या जागेवरून हलायचं नाही. तू पुढच्या काठीनं पाणी बराबर खुणेवर येईपर्यंत वरखाली सरकायचीस, मिळालं की तिथं खुणेला पांढऱ्या फक्कीची मूठ टाकायचीस आणि हाक मारायचीस, मंग मी पुढं यायचं. मी अकरा वर्षांचा असेन. चार वेळा बराबर केलं. पाचव्या वेळी माझ्यापासून चार पावलांवर टिटवी ओरडत उडाली आणि खड्यांमध्ये तिची अंडी दिसली. चार होती, खड्यांसारखीच, ठिपक्या-ठिपक्यांची, त्यांचं टोकाकडचं अंग सगळं आतल्या बाजूला. मी काठी उचलून घेऊन गेलो, बसून बघितली, परत आलो आणि काठी रोवली ती आधीच्या जागेवर नाही, जरा खालच्या अंगाला. तुला पाणी हललेलं दिसलं असणार. तू ओरडून विचारलंस, "हललास का रं?" मी म्हणलं, "न्हाई." तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझा धाकच मोठा असायचा, एवढ्या एवढ्यावरून तू मला फोकानं झोडलेलं आहेस, पण त्या दिवशी तू नुसती मान हलवलीस आणि फक्की टाकलीस. तिथून पुढची सगळी रेघ तिरकी गेली. बांध त्याच रेघेवर घातला. दर साली पावसात पाणी बांधाच्या कडेनं घसरत बोरीच्या कोपऱ्याला यायचं आणि तिथं बांध फोडून जायचं. दर साली तू फावडं घेऊन तो बुजवायचीस. एकदा तुला सायेब म्हणाला, "बाई, गावातले सगळे बांध धड, तुमचाच कसा चुकला?" तू म्हणालीस, "माझी नजर चुकली, सायेब. घरचं काम हाय ना, घाईत केलं." मी शेजारी उभा होतो. माझ्या 'न्हाई'वर विसंबून तू खरंच तसं समजून होतीस.

हे कुणाला सांगितलेलं नाही. आता तुला सांगतोय तरी पेन बराबर चालतोय.

आता ठिपक्याचं. चार महिन्यांपूर्वी अक्कानं मला बोलावून घेतलं, कारण सातबाऱ्यावरून तुझं नाव उतरून आम्हा दोघांचं लागलंय, आणि शेततळ्याला माझंही संमतीपत्र पाहिजे होतं. त्याच दिवशी मॅडम जागा बघायला आल्त्या. वय असेल माझ्याएवढंच, हेल्मेटखाली रुमाल बांधलेला, स्कूटीच्या हुकाला फायलींची पिशवी. त्यांच्याकडं अकरा गावं आहेत म्हणे. अक्कानं त्यांना खालचा कोपरा दाखवला, त्यांनी मान डोलावली, "हीच जागा बेस्ट आहे ताई, पाणी आपसूक येईल." आता त्या जागेचा लोकेशनसकट फोटो काढायचा होता, त्यांच्या फोनमधल्या अॅपमध्ये. तेवढ्यात दुसऱ्या गावाहून फोनवर फोन, कुणाचा तरी पंचनामा अडला होता. त्या अक्काच्या सह्या घेत होत्या, एका कानाला खांद्यानं दुसरा फोन लावलेला, आणि मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही काढता का खाली जाऊन? हिरवं बटण आलं की दाबायचं फक्त." फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो त्यांना. दिला. मी खाली गेलो. कोपऱ्यात रेंज नव्हती, अॅपमध्ये ते गोल नुसतं फिरत राह्यलं. दोन मिनिटं उभा राहिलो. तेवढ्यात माझ्या फोनची बेल वाजली, म्हणजे तो वर विहिरीजवळ गाडीवर ठेवलेला होता, आणि मला ठाऊक होतं कोण ते. शहागडहून एक टेम्पो मासळीचे रिकामे ट्रे घेऊन कोकणात जाणार होता आणि ड्रायव्हर म्हणाला होता, यायचं असलं तर दुपारपर्यंत ये. मी समुद्र बघितला नव्हता. मी पळत वर आलो, फोन घेतला, बोलता बोलता ह्या मुरमावर आलो, आणि मॅडमच्या फोनमध्ये हिरवं बटण आलं. दाबलं. फोटोत काय, जमीन होती. जमीन सगळी सारखीच दिसते. परत जाऊन फोन दिला. मॅडम म्हणाल्या, "झालं?" मी म्हणलं, "झालं." अक्का म्हणाली, "चा तरी घिऊन जा की." मी थांबलो नाही. समुद्र बघितला, माय. मोठा आहे. वास फार येतो.

मागल्या आठवड्यात मंजुरी आली आणि अक्कानं नकाशा बघितला. ती लिहिण्यात कच्ची असेल, पण नकाशा तिला तुझ्यासारखा वाचता येतो. मला फोन करून बोलावलं आणि आम्ही मंठ्याला तालुक्याच्या ऑफिसात गेलो. मॅडम तिथंच टेबलाशी होत्या, आणखी पाच-सहा माणसं होती. अक्कानं नकाशा त्यांच्यापुढं आपटला. "मॅडम, हे काय करून ठिवलं? माझं तळं टेकडावर नेऊन बसवलं! तिथं काय मी दगड भिजवू का?" मॅडमनं नकाशा बघितला, मंग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं खताचं पोस्टर बघत होतो, त्यावरचं वांगं. माझं नाव काही त्यांनी घेतलं नाही. घेणार कसं? फोन ह्यांच्या हातात दिला होता असं म्हणलं तर त्यांच्यावरच येतं. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, लोकेशन चुकलंय खरं. सिस्टीम आता खोदल्यावरचा फोटो त्याच जागेचा मागणार." अक्का म्हणाली, "सिस्टीमला काय कळतंय गं? तू आलती ना रानात? का स्कूटीवरूनच ठिपका मारला? झाडाखाली बसून पगार खायचा आन् गरिबाच्या डोक्यावर ठिपके मारायचे!" एकजण हसला. मॅडमचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "मी आता तुमच्या रानात पाऊल नाही ठेवणार. काय ते लेखी द्या." पिशवी उचलून त्या बाहेर गेल्या. मंग आतले साहेब बोलले, चांगला माणूस आहे, चष्मा कपाळावर ढकलून. "हे बघा अक्का, सहायकानं जागा चुकवली असं लिहून द्या दोघांच्या सहीनं. मंग मी ठिकाण दुरुस्त करून देतो. पण अर्जदाराकडूनच चूक झाली असली, तर माझ्या हातात काही न्हाई. अर्ज बाद, पुन्हा सोडतीत." अक्का म्हणाली, "आमच्याकून कशी हुईल? आमाला ठावं न्हाई का पानी कुठं येतंय?" साहेब म्हणाले, "तेच लिहा. त्यांना नोटीस जाईल, बदली बी होईल कदाचित. तुमचं काम होईल."

तर हे आहे, माय. खरं लिहिलं तर अक्काचं तळं जातं. दोन वर्षं ती वाट बघत होती. तिनं त्या तळ्याच्या भरवशावर मोसंबीची चाळीस रोपं सांगून ठेवलीत, खड्डे काढून ठेवलेत, रोज सकाळी चहा घेऊन त्या खड्ड्यांच्या रांगेतून एक चक्कर मारते. खोटं लिहिलं तर मॅडमला नोटीस. आणि काहीच लिहिलं नाही तर इथं मुरमात खोदायचं, फोटो काढायचा, अनुदान घ्यायचं आणि कोरडा खड्डा सांभाळायचा. असे खड्डे मी स्वतः खोदलेत, दुसऱ्यांच्या रानात, ठिपका सांगेल तिथं. मला वाटायचं लोक येडे आहेत.

आज सकाळी तिला विचारलं, इथंच खोदू का, संपवून टाकू. ती खुरपं धुवत होती. म्हणाली, "काय बोलतोस भावड्या? मायनं बांध मारलाय तो बघ. सगळा गाव म्हणायचा नळीवालीचा बांध तिरका गेला. तिरका? तिनं बराबर मारला. सगळ्या रानाचं पानी त्या एका कोपऱ्यात आनलं तिनं. तिला ठावं होतं, कधी न् कधी हितं तळं हुईल. तोंडानं बोलली न्हाई, पण करून ठिवलं." मी म्हणलं, "अक्का, तसं नसंल." ती म्हणाली, "तुला काय ठावं? तू कवा रानात थांबलास?" मंग वही आणून दिली. तिनं अर्जाला चिकटवायचा तिचा फोटोही वहीत ठेवलाय, पासपोर्ट साइजचा, त्यात ती तुझ्यासारखी दिसते, म्हणजे दिसत असावी. मला तुझं तोंड नीट आठवत नाही. तुझे हात आठवतात, नखांमध्ये फक्की. आणि एकदा तू मंठ्याच्या बाजारातून माझ्यासाठी गमबूट आणले होतेस, काळे, दोन नंबर मोठे, का तर चिखलात पाय कापतात. पोरं मला हवालदार म्हणायची. मी ते घालून नाल्यात चाललो तर पाय बाहेर आला आणि बूट चिखलातच राहिला. तू तो कोपरापर्यंत हात घालून काढलास आणि म्हणालीस, "पाय वाढतील रं." वाढले तोवर मी ते बाजारात कुणाला तरी देऊन टाकले. एका बिडीच्या बंडलावर. का दिले ते आठवत नाही.

दुपार झाली आहे. अक्का विहिरीजवळ बसून भाजी निवडतीय आणि दर थोड्या वेळानं इकडं बघतीय. तिला वाटत असणार, किती लिहितोय हा, चांगली दणदणीत तक्रार होणार. पाचच्या आत ऑफिसात द्यायचीय. मी मशीनवर चढून एकदा बकेट हलवून बघितलं, उगाच. हायड्रॉलिकचा आवाज झाला, दोन होले पंख फडफडवत उडाले. परत खाली येऊन बसलो. मिलमध्ये सळई ओढताना एक गोष्ट शिकलो होतो, की हात भाजला तरी पहिला थोडा वेळ काही कळत नाही, चामडी पांढरी होते नुसती. मी बहुतेक त्या थोड्या वेळात आहे, नऊ वर्षं. कुणी विचारलं तर मी चांगला आहे. जेवतो, झोपतो, मशीनचा हप्ता शेठ भरतो, मला चिंता नाही. फक्त आज वही समोर आली आणि 'महोदय'च्या पुढं काही सुचेना. मॅडमचे कान लाल झाले होते ते दिसत राहतंय. वय माझ्याएवढंच आहे त्यांचं. त्यांचीही माय असेल कुठंतरी, ती विचारत असेल, आज कुठं गेल्तीस, आणि ही सांगत असेल, कुठं न्हाई, रानात.

हे तुला पोचणार नाही ते मला ठाऊक आहे. कुठं पाठवायचं? पान फाडून बांधात पुरावं असं मघाशी मनात आलं, पण ते नाटकी वाटलं, तू हसली असतीस. वही मशीनच्या सीटखाली ठेवीन, जुन्या ग्रीसच्या चिंध्यांखाली. आणि एक सांगतो, हे तुझ्यासाठी लिहिलं असंही नाही. ते दुसरं लिहायला लागू नये म्हणून हे लिहीत बसलो. पानं भरली की वेळ जाईल, पाच वाजतील, ऑफिस बंद होईल, मंग कुणाला काही सांगायला नको, असा हिशेब होता. एवढाच.

माय, थांब. खाली गाडीवाटेवर स्कूटी आलीय. हेल्मेट, त्याखाली रुमाल. मॅडमच आहेत. पाऊल ठेवणार नाही म्हणाल्या होत्या, आणि स्कूटी लावून बांधावरून चालत येताहेत, एकट्या, हातात काही कागद आहे. का आल्यात ते काही कळत नाही. कबूल करायला आल्यात की भांडायला, की मला विचारायला. अक्कानंही बघितलं. भाजी निवडायचं सूप खाली ठेवून ती उठलीय, पदर खोचला, आता ती तरातरा निघालीय त्यांच्याकडं, आणि तिचं तोंड सुटलं की मंग कुणाला काही बोलता येत नाही. मला वाटतं ती तिथं पोचायच्या आत मी पोचलो पाहिजे.